सुगलाबाई आणि तिरपी न्हाणी

मागच्या महिन्यात उमरग्याला नात्यातल्या एकांच्या वास्तुशांतीला गेले होते. घर दुमजली, जिन्याला स्टीलचा कठडा, हॉलच्या छताला निळे दिवे. घरधनीण माझा हात धरून फिरवत होती. ही टीव्हीची भिंत बघा, हे देवघराचं दार बघा, हा सोफा सोलापूरहून आणलाय. मी म्हटलं, "न्हाणी दाखव." ती हसली. "अहो ताई, तिथं काय बघायचंय?" मी हट्टानं गेलेच. जिन्याखाली होती. आत शिरताना मान वाकवावी लागली, वळताना कोपर नळावर आदळलं, आणि दाराची कडी आतून लावायची तर आधी कमोडवर बसावं लागत होतं. छताला एवढे दिवे लावणाऱ्या माणसांना घरातल्या बाईला उभं राहून न्हाता येईल एवढी जागा सोडता आली नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवण चांगलं होतं, पण मला काही गोड लागलं नाही.

ही खोड मला आधी नव्हती. ती लावली सुगलाबाईंनी. 

सुगलाबाई म्हणजे गवंडी. आमच्या लोहारा तालुक्यात बाई गवंडी म्हटल्यावर कुणी फार डोळे विस्फारत नाही. भूकंपानंतर गावंच्या गावं नव्यानं उभी राहत होती, तेव्हा विटा वाहता वाहता काही बायका थापी धरायला शिकल्या. त्यातल्या बहुतेकजणी पुढं परत शेतात गेल्या. सुगलाबाई गेल्या नाहीत. सास्तूरच्या पलीकडच्या वस्तीवरून जुन्या मोपेडवर यायच्या, पायाशी हत्यारांची गोणी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, इरकली लुगड्यावर लेकाचा जुना फुलशर्ट. घरात कानडी बोलायच्या. त्यामुळं राग आला की पहिला भडका कानडीत उडायचा आणि त्याचा अर्थ आपल्याला मागाहून मराठीत कळायचा. "साकु!" हा त्यांचा ठेवणीतला शब्द. म्हणजे पुरे. समोरचा माणूस कितीही मोठा असो, बोलणं लांबलं की हात वर करून साकु. एकदा सरपंचांना म्हणाल्या, तेही चालू भाषणात.

कामावर त्यांना 'मिस्त्री'च म्हणावं लागायचं. कुणी विचारलं, "मिस्त्री कुठंय?" की त्या थापी न थांबवता म्हणायच्या, "तुमच्याम्होरं हुबी हाय ती कोन दिसती?"

आणि दुसरा शब्द होता गुण्या. गुण्या म्हणजे काटकोन बघायचं गवंड्यांचं लोखंडी हत्यार. भिंतीचा कोपरा सरळ असेल तर 'गुण्यात हाय', नसेल तर 'गुण्यात न्हाय'. सुगलाबाई तो भिंतीइतकाच माणसांना लावायच्या. गोड बोलून काम अडवणारा ग्रामसेवक गुण्यात न्हाय, सुनेला उपाशी ठेवून उपास करणारी सासू गुण्यात न्हाय. आमचे हे तर पहिल्या भेटीतच गुण्यात बसले नाहीत. त्याला कारण आमची न्हाणी.

ती कशी झाली ते सांगते. आमचं घर पुनर्वसनातलं, मूळ दोन खोल्यांचं. पुढं ह्यांनी, हे शाळेत मास्तर आहेत, घर वाढवलं. वाढवताना पहिल्यांदा काय आखलं असेल? पोर्च! गाडी तेव्हा घेतलेलीसुद्धा नव्हती. घ्यायची होती. तर त्या न घेतलेल्या गाडीला ऊन लागू नये म्हणून आधी ऐसपैस, सरळ, काटकोनातलं पोर्च आखलं. मग खोली, मग स्वयंपाकघर. शेजाऱ्यांचं कंपाउंड मात्र तिरपं, कारण तिथून पूर्वी बैलगाडीची वाट जायची. पोर्च आणि त्यामागची सासूबाईंची खोली यांची सरळ भिंत आणि शेजाऱ्यांची तिरपी भिंत यांच्यामधे जी पाचर उरली, तिच्यावर स्लॅब टाकला आणि तिला बाथरूम म्हणायचं ठरलं. परसाकडून दार, तिथं साडेतीन फूट रुंदी. आत जावं तशी भिंत अंगावर येत जायची आणि टोकाला जेमतेम दोन फूट. आणि त्या दोन फुटांत कमोड! बसलं की दोन्ही खांदे दोन्ही भिंतींना. कपडे धुवायचे तर बादली पायात, आणि आपण बादलीत. दार उघडायचं आत. म्हणजे आत शिरून आधी भिंतीला चिकटायचं, दार मागं ढकलायचं, मग श्वास घ्यायचा. सात-आठ वर्षं आम्ही सासू-सुनेनं अशी अंग चोरून काढली. एका शब्दानं बोललो नाही. ह्यांचं काय, हे बाहेर नळावर टॉवेल गुंडाळून पाच मिनिटांत मोकळे. पुरुषांना कुठंही न्हाता येतं. मी बोलायला पाहिजे होतं, नाही बोलले, आणि त्याचा राग मला अजून स्वतःवर येतो.

मग आत्या पडल्या. सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो. अंगणात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, सोलापूरला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वॉकर धरून चालतील, चालवत राहा. घरी आणलं. वॉकर न्हाणीच्या दारातून आत गेला आणि तीन पावलांवर अडकला. पुढं जागाच नव्हती. ह्यांनी वॉकर फिरवून बघितला, तिरपा करून बघितला, आणि म्हणाले, "तात्पुरतं परसात करा."

तात्पुरतं! परसात बाजेवर बसवून, मी एकीकडून आणि शेजारची रुक्मिण दुसरीकडून लुगडं धरून आडोसा करायचा, आणि त्यात म्हाताऱ्या माणसाला न्हाऊ घालायचं. आमच्या परसाला लागून शेताकडं जायचा रस्ता आहे. एक दिवस ट्रॅक्टर गेला. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला वरून सगळं दिसतं. त्यानं लगेच मान फिरवली, भला माणूस असेल, पण आत्यांनी त्याला मान फिरवताना बघितलं. पोटच्या लेकासमोर डोईवरचा पदर न ढळू देणारी बाई ती. अंग पुसताना माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मला उगड्यावर नको गं न्हाऊ घालूस. त्यापरीस पारोशी ऱ्हाती म्या."

त्यानंतर त्या न्हायला टाळाटाळ करायला लागल्या. आज थंडी आहे, आज कसंतरी वाटतंय. मी अंगणवाडीत, सकाळी कामाला जायची घाई, मलाही एखादा दिवस सुटका वाटायची. खरं ते सांगते.

आमच्या अंगणवाडीच्या संडासाची पायरी उंच होती, पोरांना चढता येत नव्हतं. ती फोडून बसकी करायला सुगलाबाई आल्या होत्या. पायरीची उंची टेपनं नाही घेतली त्यांनी. सगळ्यात बुटक्या पोरीला भिंतीशी उभं केलं, पाय उचलायला लावला, आणि तिचं पाऊल सहज जिथवर गेलं तिथं खडूनं रेघ मारली. मला ते बघून काय झालं कुणास ठाऊक, मी त्यांना आमच्या न्हाणीचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आज सांजच्याला येती."

आल्या त्या न्हाणीकडं बघायला गेल्याच नाहीत. सरळ आत्यांच्या बाजेशी जाऊन खाली बसल्या. उशाशी पाण्याचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला, वर फुलपात्र पालथं. सुगलाबाईंनी तांब्यात बघितलं, आत्यांच्या ओठांकडं बघितलं. "यव्वा," त्या म्हणाल्या. यव्वा म्हणजे कानडीत आई. "पानी का पीत न्हाईस?"

आत्यांनी दाराकडं बघितलं, हे नाहीत ना ते. मग हळूच म्हणाल्या, "पेलं की उठावं लागतंया. भांडं द्याया सूनबाईला बोलवावं लागतंय. ती कामावर. म्हून घोटभरच पेते."

दोन महिने आत्यांना अधूनमधून ताप येत होता. लघवीला जळजळ होत होती. डॉक्टर विचारायचे पाणी पितात का, मी सांगायचे तांब्या भरून ठेवते. भरून ठेवत होते! संध्याकाळी तो भरलेलाच असायचा आणि मी नवीन पाणी भरायचे. माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही.

सुगलाबाई बाहेर आल्या त्या कानडीत बोलतच. हे नुकतेच शाळेतून आले होते, पोर्चमधे गाडीवर फडकं मारत होते. तोपर्यंत गाडी घेतलेली होती. "गुरुजी," सुगलाबाई म्हणाल्या, "तुमची आई तहानंनं मरायली. ठावं हाय का? तुमच्या घरात नळ हाय, बोअर हाय, आन् म्हातारी तहानंनं मरायली. का, तर मुतायला जागा न्हाय म्हून." आमचे हे मास्तर माणूस, असल्या भाषेची सवय नाही.

दोन दिवसांनी ह्यांनी ओळखीतले एक इंजिनियर आणले. लेमनकलरचा शर्ट, हातात गुंडाळलेला नकाशा. घर वाढवतानाचा प्लॅन त्यांनीच काढलेला. सुगलाबाईंनाही मी निरोप धाडला होता. इंजिनियर म्हणाले, भिंत हलवायची काही गरज नाही, घडीचं दार लावू, फिकट टाइल्स लावू आणि समोरच्या भिंतीला मोठा आरसा. "आरसा लावला की जागा मोठी दिसते."

"मोठी दिसून काय करू?" सुगलाबाई म्हणाल्या. "म्हातारीला आरशात न्हाऊ घालू?"

मग त्यांनी नकाशा जमिनीवर अंथरायला लावला आणि त्याच्यापुढं उकिडव्या बसल्या. "ह्ये काय हाय?" गाडी. पोर्चमधे वरून दिसणारी गाडी काढली होती, चार चाकं, काचा, सगळं. "ह्ये?" कुंडी. दारापाशी झाडाची कुंडी काढली होती, पानांसकट. "ह्ये?" सोफा. सुगलाबाईंचं बोट सगळ्या नकाशावर फिरलं. "गाडी काढली, कुंडी काढली, कोच काढला. मानूस कुटं हाय? बाई कुटं बसनार, कुटं वाकनार, दाखवा की." इंजिनियर म्हणाले, नकाशात माणसं काढायची पद्धत नसते. "साकु," सुगलाबाई म्हणाल्या, "म्हून तर अशी घरं व्हत्यात." इंजिनियरांनी चहा अर्धा ठेवला.

सुगलाबाईंचं म्हणणं एवढंच होतं की पोर्चची भिंत दोन फूट सरकवायची. हे म्हणाले, शक्य नाही. दोन फूट गेले तर गाडी आत घेता येईल, पण दार उघडून उतरता येणार नाही.

"म्हंजे गाडीचं दार उगडाया जागा पायजे," सुगलाबाई म्हणाल्या. "बरूबर हाय. गाडी लई नाजूक असती."

ह्यांचा पारा चढला. म्हणाले, घर माझं आहे, काय करायचं ते मी ठरवीन, आईसाठी मी काय कमी केलंय? ऑपरेशन चांगल्या दवाखान्यात केलं. तेही खरं होतं. मला वाटलं, आता ही बाई मोपेडला किक मारते आणि जाते.

त्या गेल्या नाहीत. गोणीतून फक्की काढली. फक्की म्हणजे आखणीची पांढरी भुकटी, पाया खणायच्या आधी जमिनीवर रेघा मारतात ती. अंगणात दोरी लावून त्यांनी आमच्या न्हाणीची ती पाचर जशीच्या तशी आखली. टोकाला विटा मांडून कमोड केला. मधे पाट ठेवला, बादली ठेवली. आत्यांचा वॉकर आणून उभा केला. आणि ह्यांना म्हणाल्या, "गुरुजी, या. न्हाऊन दावा. कापडं राहू द्या अंगावर. फकस्त रेघंला हात-पाय लावायचा न्हाय. ती भित हाय. आन् उजवा पाय वाकवायचा न्हाय. तुमच्या आईचा वाकत न्हाय."

हे नाहीच म्हणणार होते. पण तोवर कंपाउंडवरून शेजारी डोकावत होते, रुक्मिण पदर तोंडाला लावून उभी होती. माघार घेतली असती तर गावात त्याचीच चर्चा झाली असती. हे पाटावर बसले, उजवा पाय पुढं सरळ केला. पाय रेघेबाहेर गेला. "भित फुटली," सुगलाबाई म्हणाल्या. पुन्हा तिरपे बसले. तांब्या उचलला तर कोपर रेघेबाहेर. पाठीला हात नेला तर पाठ रेघेवर. मग त्या म्हणाल्या, आता उठा. वॉकरला धरून, एका पायावर. ह्यांनी वॉकर ओढला तर त्याचे पाय रेघेत मावेनात. अर्धवट उठले, तोल गेला आणि बदकन बसले. शेजारी हसले. हे हसले नाहीत. पायजम्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. उठले आणि म्हणाले, "किती दिवस लागतील?"

तेव्हापासून आमची गाडी लिंबाच्या झाडाखाली उभी असते. तिला काहीही झालेलं नाही.

दोन फूट मिळाल्यावर सुगलाबाईंनी खरी गंमत केली. परसाकडचं दार बुजवून टाकलं आणि लांबट बाजूच्या भिंतीत, आत्यांच्या खोलीतून, नवीन दार काढलं. बाजेपासून आठ पावलं. कमोड त्या चिमट्यातून काढून मधल्या रुंद जागेत आणला. अगदी टोकाशी भिंत जुन्याच जागी राहू दिली; तिथं जो निरुंद कोपरा उरला, जिथं माणूस मावत नव्हता, तिथं खाली बादल्या आणि वर तीन फडताळं, साबण, खराटा, कोरडे कपडे. "मानसाच्या जागंत बादली आन् बादलीच्या जागंत मानूस बशिवलं व्हतं तुमी," त्या म्हणाल्या. "अदलाबदल केली, दुसरं काय!" न्हायला बसण्यासाठी भिंतीला लागून ओटा, शेजारी धरायला जाड नळीचा दांडा, जमिनीला खरबरीत फरशी. उंबरा नाही. पाणी बाहेर येईल म्हणून मी कुरकुर केली, तर म्हणाल्या, उतार नीट दिला की पाणी आपलं आपण जातं.

दारावरून मात्र जुंपली. त्यांना दार बाहेर उघडणारं हवं होतं. हे म्हणाले, खोलीत दार उघडं राहिलं तर आल्यागेल्याला दिसतं, बरं नाही दिसत. सुगलाबाईंनी थापी पाण्याच्या घमेल्यात ठेवली. आणि मग सांगितलं. दुसऱ्या एका गावात त्यांनी स्वतः बांधलेली न्हाणी होती, आत उघडणारं दार, सगळे करतात तसं. त्या घरची बाई आत चक्कर येऊन पडली ती दाराला अडून. बाहेर नवरा, दीर, शेजारी. "दार ढकलायचं म्हंजी तिलाच ढकलायचं. ढकलावं तर ती आतून वरडती. न्हाय ढकलावं तर ती तशीच पडलेली. शेवटी भित फोडली. तवर ती बोलायची थांबली व्हती." त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. "ती भित म्या बांदलेली. लई पक्की व्हती. लवकर फुटंना."

दार बाहेर उघडणारं लागलं.

चूक त्यांच्याकडूनही झाली. ओट्याची उंची घ्यायला त्यांनी आत्यांना बाजेवर बसवलं, टाच जमिनीला टेकवली आणि गादीच्या काठापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. ओटा झाला, गिलावा झाला, दोन दिवसांनी आत्यांना बसवलं तर पाय लोंबकळले. बोटं तेवढी टेकत होती. काय झालं असेल? बाजेवरच्या गादीत त्या रुतल्या होत्या. गादी नवीन कापसाची, फुगीर; त्या बसल्या तिथं दबली, काठाला तशीच वर राहिली. माप त्या फुगलेल्या काठापासून घेतलं गेलं होतं. मी म्हटलं, असू द्या, खाली पाट ठेवू. सुगलाबाईंनी घण उचलला. स्वतःचा ओटा स्वतः फोडला, आणि फोडताना दुसऱ्यांना द्यायच्या तेवढ्याच शिव्या स्वतःला दिल्या. "सुगले, डोळं फुटलं व्हतं का? गादीनं फसविलं तुला? पाटावर मानूस पडतंया!" सबंध दिवस जेवल्या नाहीत. आत्याच शेवटी म्हणाल्या, "पोरी, खा गं दोन घास, न्हायतर म्या पानी प्यायची न्हाय." साठीच्या बाईला पोरी म्हणणारं दुसरं कुणी उरलं नसावं. त्या मुकाट्यानं जेवल्या.

नवा ओटा वाळल्यावर आत्या पहिल्यांदा आत गेल्या. मी मागं निघाले तर वॉकर थांबवून म्हणाल्या, "तू कुटं?" आणि दार ओढून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग पाण्याचा. मग बराच वेळ पाण्याचा. आत्या काहीतरी पुटपुटत होत्या, देवाचं असेल. मी खोलीत उभीच होते, मला रडू येत होतं. सुगलाबाई बाहेर मोपेडला गोणी बांधत होत्या. तासाभरानं आत्या आल्या, ओले केस, लुगडं नीट नेसलेलं, आणि म्हणाल्या, "तांब्या भर गं. तहान लागलीया."

पुढचं दीड वर्ष आत्या रोज आपल्या हातानं न्हाल्या. ताप पुन्हा आला नाही. सुगलाबाई अधूनमधून वाटेत थांबायच्या, चहा घ्यायच्या, ओट्यावर हात फिरवून जायच्या. आमच्या गावात त्यानंतर त्यांनी पाच-सहा न्हाण्या फोडून नव्या केल्या आणि प्रत्येक घरात भांडण केलं. लोक म्हणायचे, बाई काम चांगलं करते पण तोंड आवरत नाही. मी म्हणायचे, तोंड आवरलं असतं तर काम झालं असतं का? आता त्या लेकीकडं कलबुर्गीला असतात. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून थापी सुटली. माझी त्यांची शेवटची गाठ पडली ती आत्या गेल्या त्या दिवशी.

आत्या झोपेतच गेल्या. पहाटे हाक मारली तर ओ दिली नाही. दहा-अकरापर्यंत भावकी जमली. चुलीवर पाणी ठेवलं. आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलं तसं अंगणात मधोमध फळी मांडली, चार बायका चार कोपऱ्यांना लुगडी धरून उभ्या राहिल्या. बाईमाणूस गेलं की आमच्याकडं असंच न्हाऊ घालतात. रस्त्यावर, कंपाउंडला, पोर्चमधे माणसंच माणसं. मला सगळं दिसत होतं. परसातली बाज, लुगड्याचा आडोसा, ट्रॅक्टर. पण सून होते, भावकीपुढं तोंड उघडायची माझी टाप नव्हती. आत्यांनी माझा हात धरून सांगितलेलं मला पाठ होतं, आणि तरी मी लुगड्याचं टोक धरून उभी राहिले.

तेवढ्यात मोपेड आली. सुगलाबाईंना कुणीतरी कळवलं होतं. त्या गर्दीतून फळीपाशी आल्या, लुगड्यांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ह्ये काय चाललंय?"

"रीत हाय," ह्यांचे चुलते म्हणाले.

"कसली रीत? जित्तेपनी दार लावून न्हात व्हती ती. आता मेली म्हून दार काढून घेता व्हय तिचं?"

चुलते चिडले. परक्या बाईनं मयताच्या घरी आवाज चढवायचा? मढं घरात फिरवत नाहीत, न्हाणीत न्हाऊ घालत नाहीत, कुणी ऐकलंय का असलं? सुगलाबाई ऐकून घेत होत्या, पण त्यांचं लक्ष चुलत्यांकडं नव्हतं, ह्यांच्याकडं होतं. हे भिंतीला टेकून बसले होते. ते उठले, चुलीपाशी गेले, फडक्यानं धरून ऊनऊन पाण्याचं पातेलं उचललं आणि सगळ्यांच्या मधून चालत नेऊन न्हाणीच्या दारात ठेवलं. हातातलं लुगडं मी टाकून दिलं.

फळीसकट आत्यांना आत नेलं. दार मोठं होतं, वळायला जागा होती, कुठं टेकलं नाही. आत मी, रुक्मिण आणि सुगलाबाई. कडी सुगलाबाईंनी लावली. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, पाण्यात कोपर बुडवून बघितलं, थोडं गार पाण्याचं विसावण घातलं. मग आत्यांची मान स्वतःच्या हातावर घेतली आणि केस मोकळे केले. तांब्यानं पाणी सोडत होत्या, अगदी सावकाश, कानात जाऊ नये म्हणून एका हाताचा आडोसा धरून.

बाहेर कुणीतरी दारावर थाप मारली. "उरका लवकर. मानसं खोळंबल्यात."

"थांबा!" सुगलाबाई आतून ओरडल्या. "बाई न्हातीया."